अमेरिकेतबी गरीब रायतात काय?



गेल्या हंगामात वेचणी संपता संपता एका गावच्या बैठकीत आम्ही नेहमीप्रमाणे अमेरिकेचा दाखला देत होतो. तिथल्या कापूसवाल्याला सरकार डॉलरच्या थैल्या कशा देते आणि त्यापायी आपल्या कापसाचा भाव कसा पडतो, हे आकडे आम्हाला तोंडपाठ आहेत. सांगून झाले, टाळ्याही झाल्या. मग मागे बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "भाऊ, एवढा पैसा देते सरकार, तर मंग अमेरिकेतबी गरीब रायतात काय?" लोक हसले. आम्हीही हसलो आणि "असतात, असतात" म्हणून पुढच्या विषयाकडे वळलो.

प्रश्न मात्र पाठ सोडीना. अमेरिकेचे सरकार दरवर्षी आपल्या गरिबांची मोजणी करते. १९७३ साली तिथे शंभरातले ११.१ लोक गरिबीच्या रेषेखाली होते. २०२३ साली मोजले, तर आकडा पुन्हा ११.१. मधे पन्नास वर्षे गेली. तेवढ्यात महागाई वजा जाता त्या देशाचे माणशी उत्पन्न दुपटीहून जास्त झाले, आणि गरिबाचा आकडा फिरून त्याच खुंटीला. डोकी मोजली तर ३ कोटी ६८ लाख. ही मोजणी फक्त रोख मिळकतीची आहे; धान्याची मदत वगैरे धरून मागची-पुढची तुलना केली तर सुधारणा जास्त दिसते, हे आम्ही लपवत नाही. पण ते सगळे धरून जी दुसरी मोजणी होते, तिच्यातही २०२३ साली शंभरातले जवळपास तेरा गरीबच निघाले.

चौघांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे ३१ हजार डॉलर, ही ती रेषा. रुपयांत पंचवीस लाखांच्या वर. तुम्ही म्हणाल, पंचवीस लाखवाला गरीब, तर मग आम्ही कोण? शंका रास्त आहे. पण डॉलरात कमावणाऱ्याचा खर्चही डॉलरातच होतो. त्याच्या घरात शेतातली ज्वारी येत नाही, बांधावरचे सरपण येत नाही, दोन शेळ्यांचे दूध येत नाही. घरभाडे विकत, दवाखाना विकत, आणि बस नाही म्हणून कामावर जायला मोटार हप्त्याने. तरी पैशाचा घोळ नको असेल तर मरण मोजा. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात २०२४ साली जन्मलेल्या दर हजार बाळांमागे ९.७ बाळे वर्षाच्या आत दगावली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या आरोग्य खात्याला त्यापायी आणीबाणी जाहीर करावी लागली. आपल्या केरळात हा आकडा २०२० सालीच ६ वर आला होता.

मिसिसिपीचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. त्या राज्याच्या वायव्येला, मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधे, डेल्टा म्हणून पट्टा आहे. पुराच्या गाळाने साचलेली काळी जमीन, खोदाल तितकी खोल. पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. जगातल्या उत्तम कापसाच्या जमिनींत तिची गणना होते. आणि तोच पट्टा त्या सबंध देशातल्या सर्वांत गरीब मुलखांपैकी एक. त्यातल्या काही काउंट्यांमध्ये, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये, दर तिघांतला एक माणूस आजही रेषेखाली आहे. आमच्या शेतात खडक लागतो, पाऊस दगा देतो, म्हणून आम्ही गरीब, असे आम्हाला शाळेपासून शिकवले. मग डेल्टाचे काय?

त्या कापसाशी आपले नाते जुने आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत गुलामीच्या प्रश्नावरून यादवी झाली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला अचानक सोन्याचा भाव आला. लढाई संपली, भाव कोसळला. तिकडचा गुलाम मोकळा झाला, पण मोकळा होऊन जाणार कुठे? जानेवारी १८६५ मध्ये एका सेनापतीने हुकूम काढला होता की समुद्रकाठची जप्त जमीन चाळीस-चाळीस एकर करून या माणसांना वाटावी. वर्ष संपायच्या आत नव्या राष्ट्राध्यक्षाने तो फिरवला आणि जमीन जुन्या मालकांकडे परत गेली. त्याच सरकारने १८६२ च्या कायद्याने पश्चिमेकडे जाऊन वसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ फुकट द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे जमीन पुष्कळ होती.

ज्याला जमीन मिळाली नाही तो वाटेकरी झाला. जमीन, खेचर, बियाणे मालकाचे, राबणूक याच्या घरादाराची, पीक अर्धेलीने. पेरणीपासून वेचणीपर्यंत खावटी मालकाच्याच दुकानातून उधार. व्याज मालक सांगेल ते, वही मालकाच्या हाती, कापूस मोजायचा मालकाने आणि विकायचाही त्यानेच. नाताळाच्या सुमारास हिशेब व्हायचा आणि बहुतेकांना कळायचे की यंदाही आपणच देणे लागतो. ही वही तुम्हाला ओळखीची वाटेल. तिचा कागद तेवढा वेगळा होता.

आता सरकारी मदतीची गोष्ट, जी आम्ही सभांतून अर्धीच सांगत होतो. १९३३ साली कापसाचा भाव पार तळाला गेला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने शेतीला सावरायचा मोठा कायदा केला. कापूस कमी झाला तर भाव चढेल, म्हणून उभे पीक नांगरून टाका आणि त्याचे पैसे घ्या, असे ठरले. त्या उन्हाळ्यात एक कोटी एकरांहून जास्त कापूस मोडला गेला. असे सांगतात की खेचरांना जन्मभर पऱ्हाटीवर पाय न देण्याची शिकवण होती, ती ओळीत शिरायलाच तयार होईनात. मुक्या जनावराला जे खटकले ते माणसांनी मार खाऊन-देऊन करवून घेतले.

भाव चढला. योजना साधली, असे कागदावर म्हणता येईल. पण पैसे गेले जमीनमालकाच्या नावे, आणि वाटेकऱ्याचा हिस्सा त्याने आपल्या हाताने द्यावा अशी अपेक्षा. कोणी दिला, कोणी जुन्या उधारीत वळता केला, कोणी दिलाच नाही. पुढच्या वर्षी पेरा कमी करायचा म्हटल्यावर माणसेही कमी लागणार, म्हणून कित्येक घरांना खोपट सोडायला सांगितले. ही योजना चालवणाऱ्या खात्याचे वित्त संचालक होते ऑस्कर जॉन्स्टन, आणि हेच गृहस्थ डेल्टातल्या डेल्टा अँड पाइन लँड या अवाढव्य मळ्याचे प्रमुख. त्या मळ्यालाही सरकारी पैसा भरपूर मिळाला. (हे नाव आपल्यातल्या जुन्या मंडळींनी ऐकले असेल. १९९८ साली 'टर्मिनेटर' बियाण्याचे पेटंट ज्या कंपनीने अमेरिकी कृषी खात्याच्या भागीत घेतले, ती हीच.)

अन्याय कोणाला दिसलाच नाही असे नाही. जुलै १९३४ मध्ये नदीपलीकडच्या आर्कान्सामध्ये, टायरोन्झा गावाजवळ, अकरा गोरे आणि सात काळे कुळवाडी एकत्र बसले आणि त्यांनी वाटेकऱ्यांची संघटना काढली. त्या काळात त्या मुलखात गोरा आणि काळा एका बाकावर बसणे हाच गुन्हा होता. त्यांना मारहाण झाली, सभा उधळल्या गेल्या. कृषी खात्यातल्या काही वकिलांनी नियम काढला की करारावर सही करणाऱ्या मालकाने आहेत तीच माणसे ठेवली पाहिजेत. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या वकिलांनाच घरी पाठवले. मळेवाल्यांचे खासदार दुखवले तर बाकीचे कायदे अडकतील, हा हिशेब होता. त्याच खासदारांच्या काळात १९३५ चा म्हातारपणच्या पेन्शनचा कायदा झाला आणि १९३८ चा किमान मजुरीचा. शेतमजूर दोन्हींतून वगळले.

पुढचा घाव यंत्राचा. २ ऑक्टोबर १९४४ रोजी डेल्टातल्या क्लार्क्सडेल गावाजवळच्या मळ्यावर आठ वेचणीयंत्रे लोकांना दाखवली. माणूस तासाला नऊ किलो वेचत होता, यंत्राने साडेचार क्विंटल वेचले. गाठीमागे वेचणीचा खर्च हाताने ३९ डॉलर, यंत्राने सव्वापाच. यंत्राला आमचा विरोध नाही. कंबर मोडून वेचणाऱ्या बाईला विचारा, तीही म्हणेल आणा. पण यंत्र घ्यायला भांडवल त्याच्याकडे होते ज्याला सरकारी पैसा मिळाला होता, आणि बेकार तो झाला ज्याला मिळाला नव्हता. १९४० ते १९७० या तीस वर्षांत दक्षिणेतून सुमारे पन्नास लाख काळी माणसे शिकागो, डेट्रॉइटसारख्या शहरांकडे निघून गेली. शहरातल्या गरीब वस्त्यांवर पुस्तके लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या वस्त्यांतली कितीतरी माणसे कापसाच्या शेतातून उठवलेली होती, हे थोडेच सांगतात.

जे मागे राहिले त्यांचे काय झाले? १९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारले. पैसा आला, योजना आल्या. १९६७ च्या फेब्रुवारीपासून शेतमजुरालाही किमान मजुरी लागू झाली, तासाला एक डॉलर. डेल्टात तोवर निंदणीला दिवसाला तीन डॉलर मिळत. मळेवाल्यांनी तणनाशक फवारले आणि मजूर काढून टाकले. नेमके त्याच सुमारास तिथल्या काउंट्यांनी फुकट धान्य बंद करून कूपन सुरू केले. कूपन स्वस्त, पण ते रोख पैसे देऊन विकत घ्यायचे! ज्याच्या हाती महिनोन् महिने रोकड नाही त्याने ते कशाने घ्यावे? एप्रिल १९६७ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी डेल्टात आले, तेव्हा त्यांना झोपड्यांतून पोट फुगलेली उपाशी मुले दिसली. हे जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, जगातल्या सर्वांत सुपीक जमिनीवर.

त्याच डेल्टात, सनफ्लॉवर काउंटीत, सिनेटर जेम्स ईस्टलँड यांचा हजारो एकरांचा मळा होता. ते सिनेटच्या शेती समितीवर होते. त्या १९६७ साली त्यांच्या मळ्याला सरकारी शेतीमदत मिळाली लाख डॉलरहून जास्त. त्या राज्यात निराधार कुटुंबाला मुलामागे महिन्याला मिळत होते दहा डॉलरच्या आत. एकाच तिजोरीतून दोन्ही. पहिल्याला कोणी भीक म्हटले नाही.

त्याच काउंटीत फॅनी लू हेमर राहत होत्या. वाटेकऱ्याची मुलगी, वीस भावंडांतली धाकटी, सहाव्या वर्षापासून कापूस वेचलेली. १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, तर मालकाने त्याच दिवशी मळ्यावरून काढले. पुढे त्यांनी मतासाठी तुरुंग आणि मार सोसला. मत मिळाले, पण चुलीत काय घालायचे? म्हणून १९६९ साली त्यांनी सामायिक शेतीची संस्था काढली. चाळीसेक डुकरांची बँक केली: घराला एक मादी न्यायची, तिला पिल्ले झाली की दोन परत करायची, ती पुढच्या घराला. शेकडो घरांत त्यातून खाणे पोहोचले. देणग्या जमवून सहाशेहून जास्त एकर जमीन घेतली. मग पूर आला, दुष्काळ आला, हप्ते आणि कर थकले, आणि दहा वर्षांच्या आत जमीन गेली. १९७७ साली बाईही गेल्या. पूर आणि दुष्काळ ईस्टलँडच्या मळ्यावरही आलाच असेल.

"अमेरिकेतला शेतकरी" असे आम्ही म्हणतो तेव्हा कोणाबद्दल म्हणतो, याचा हिशेब इथे लागतो. १९२० साली तिथे सव्वानऊ लाख काळे शेतकरी होते. आता पन्नास हजारही नाहीत. सरकारी कर्ज देताना त्यांना डावलल्याबद्दल कृषी खात्याला १९९९ साली कोर्टात तडजोड करावी लागली आणि पुढे शंभर कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यावी लागली. तोवर बहुतेकांच्या जमिनी गेलेल्या होत्या. २००१-०२ मध्ये सुमारे २५ हजार कापूस शेतकऱ्यांवर तिथल्या सरकारने ३०० कोटी डॉलरहून जास्त उधळले आणि जगभर भाव पाडला. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, २००४ साली जिंकला. शेवटी २०१४ साली अमेरिकेने ब्राझीलच्या कापूसवाल्यांना ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. वऱ्हाडाला आणि मराठवाड्याला दमडी मिळाली नाही, आणि डेल्टातल्या मजुरालाही नाही.

त्या मजुराचे अलीकडचे सांगतो. २०२१ साली डेल्टातल्या काही काळ्या शेतमजुरांनी दावा लावला. मालकाने दक्षिण आफ्रिकेतून गोरे मजूर आणवले, त्यांना तासाला ११ डॉलरच्या वर मजुरी, आणि पिढ्यान् पिढ्या राबलेल्या यांना सव्वासात-सव्वाआठ. नंतर तडजोड झाली. सव्वासात डॉलर ही त्या देशाची किमान मजुरी २००९ च्या जुलैपासून जागची हललेली नाही. आणि त्याच राज्यात निराधार कुटुंबांसाठी आलेल्या पैशाचे काय झाले? २०२० साली राज्याच्या लेखापालांनी तपास उघड केला. २०१६ ते २०१९ मध्ये किमान ७ कोटी ७० लाख डॉलर भलतीकडे गेल्याचे निघाले. त्यातले ५० लाख एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉलच्या सभागृहाला. तेव्हा तिघांच्या निराधार कुटुंबाला महिन्याला फार तर १७० डॉलर मिळत होते. चौकशा इतक्या कडक की गरिबाने अर्ज करताना घाम फुटावा. व्हॉलीबॉलवाल्यांना कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला नाही.

तुम्ही म्हणाल, गरिबाला दिले तरी तो उडवील, कामाला जाणार नाही. तिकडेही हेच म्हणतात. पण एकदा करून पाहिले गेले. कोरोनाच्या काळात, जुलै ते डिसेंबर २०२१, सहा महिने सरकारने मुलामागे महिन्याला २५० ते ३०० डॉलर थेट आईबापाच्या खात्यावर टाकले. मिळकत नसलेल्यालाही पूर्ण. मधे मळेवाला नाही, खाते नाही, वही नाही. मदत धरून केलेल्या मोजणीत गरीब मुलांचे प्रमाण शंभरात ९.७ होते, त्या वर्षी ५.२ वर आले. योजना पुढे चालवायला सिनेटमध्ये मते पुरली नाहीत. २०२२ साली प्रमाण १२.४ झाले.

म्हाताऱ्या गृहस्थांना आम्ही त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर असे: राहतात, कारण स्वस्त हात ज्यांना हवे असतात त्यांच्याच हातून तिथला पैसा वाटला जातो. डेल्टात पैसा सतत येत होता. तो जमिनीच्या कागदामागे आला, राबणाऱ्या हातामागे आला नाही.

आता आपले. कापसाला भाव मागणे सोडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. भाव पडला की पहिली कुऱ्हाड वेचणाऱ्या बाईच्या मजुरीवर आणि बटईवाल्याच्या वाट्यावर येते, हे आम्ही पाहतो. पण आमच्या मागण्यांचा कागद आम्ही पुन्हा वाचला. मदत सातबाऱ्यावर, पीककर्ज सातबाऱ्यावर, माफी त्या कर्जावर. पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार २०१९ पासून मिळतात ते जमीन नावावर असलेल्याला. तोंडी बटईने करणाऱ्याचे नाव कुठेच नाही, आणि त्याचे नाव घालावे असे आम्हीही आजवर म्हटले नाही. आपल्यापैकी कित्येकांची शेती आता बटईनेच चालते. मालक तालुक्याला, मदतीचा मेसेज मालकाच्या फोनवर. कसणाऱ्याचे नाव लागले तर जमीन हातची जाईल ही भीती आहे, आणि ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्यावर तोडगा काढायचा की त्या भीतीआड बसायचे?

बैठक संपल्यावर चहा पिताना कळले, ते म्हातारे गृहस्थ दुसऱ्याची चार एकर बटईने करतात. मागच्या अतिवृष्टीत त्यांची पऱ्हाटी सडली. मदतीच्या यादीत नाव मालकाचे होते. मालकाने दिले का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "देतो म्हनले."

येत्या जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत की पीकनुकसानीची मदत त्या हंगामात जो कसत असेल त्याला मिळावी, आणि कोण कसतो याची नोंद ग्रामसभेत सर्वांसमोर व्हावी. मालकीहक्काला त्या नोंदीने धक्का लागणार नाही, असेही ठरावातच लिहिले आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी घरी बसून कुजबुजण्यापेक्षा बैठकीत उभे राहून बोलावे. म्हाताऱ्यांना निरोप धाडला आहे. वेचणी आटोपली तर येतो, म्हणाले.